दर्भाचा कावळा

नवऱ्याच्या दहाव्याला आम्ही बेतवा नदीच्या काठी गेलो, तेव्हा मला काळजी होती ती फक्त मांडीवरच्या पातेल्यातलं दही सांडण्याची. गाडी अमोघ चालवत होता. माझा एकुलता एक मुलगा. झाशीत वाढलेला, त्यामुळे मराठी समजतं सगळं, बोलायला गेला की अर्ध्यात हिंदीवर घसरतो. मागे माझे दीर, दामोदर.

घाटावर पिंड मांडले. समोरच्या झाडावर कावळे भरपूर होते, पण एकही खाली उतरेना.

"दादा, अमोघकडे मी बघेन," दामोदर हात जोडून म्हणाले. कावळे ढिम्म. मग माझ्या नजरेला नजर न देता त्यांनी खिशातली बाटली काढली आणि भातावर थोडी दारू शिंपडली. तरीही नाही. मग ते हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही काहीतरी बोला..."

यांना काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. यकृत पार कामातून गेलेलं, डोळे हळदीसारखे, आणि दवाखान्याच्या खाटेवरून रोज एकच प्रश्न, "माधुरी, राग गेला का गं?" मी चादर सारखी करायची आणि म्हणायची, झोपा.

त्या माणसाने माझं आयुष्य बाटलीत घातलं होतं. अमोघच्या मुंजीत भर पंगतीत कोसळले होते, माझ्या माहेरच्या माणसांसमोर. राग गेला म्हणून कसं सांगायचं? घाटावर माझ्या तोंडून ते शब्द निघेनात. खरं सांगते, मला ते काढायचेच नव्हते.

"दुबेजी, दर्भाचा कावळा करा," मी म्हटलं.

पंडितजी इथलेच. त्यांना हायसं वाटलं. "ठीक है बहनजी. हमारे यहाँ तो इतनी राह देखते भी नहीं." त्यांनी दर्भाची काडी वळून कावळा केला आणि पिंडाला टेकवला. झालं. त्याच क्षणी झाडावरचे सगळे कावळे एकदम उडून गेले, आवाज न करता.

दुपारी घरी मी भाजी चिरत होते. बाहेर लूचा गरम वारा सुटलेला, खिडक्या लावलेल्या, घरात अंधार. आतून हाक आली.

"अगं, पाणी आण जरा. घशाला नुसती कोरड पडलीय."

सवयीने मी तांब्या घेऊन निघाले, आणि मधल्या दारात माझे पाय थांबले. आत फक्त अमोघ होता. खाटेच्या कडेला बसून तो उजवा गुडघा चोळत होता, अगदी हे चोळायचे तसा. पाणी घटाघटा प्याला आणि वर बघून म्हणाला, "क्या हुआ मम्मी?"

मग हे रोज होऊ लागलं. कधीही दारूला न शिवलेल्या पोराच्या शर्टाला वास यायला लागला. भूक गेली. डोळे आधी मळकट, मग पिवळे दिसू लागले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पीता है क्या?" मी नाही म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पूर्वी हेच डॉक्टर यांच्याबद्दल विचारायचे, तेव्हाही मी नाहीच म्हणायची.

काल दुपारी मी अमोघसमोर बसले. त्याचे हात हातात घेतले. तापलेले होते.

"अहो," मी म्हटलं, "माझा राग गेला हो. सगळा गेला. आता पोराला सोडा."

तो जरा पुढे सरकला. मग मायेने माझ्या हातावर थोपटून स्वच्छ मराठीत म्हणाला, "खोटं कशाला बोलतेस? जाईल तेव्हा जाईल. मी थांबतो... मला कुठे घाई आहे?"

ओठ मिटले. आणि मिटलेल्या ओठांच्या आतून, खूप खोलातून, माझ्या लेकराचा बारीक आवाज आला.

"मम्मी... बोल दो ना... सच्चीवाला..."

मी प्रयत्न करतेय. देवाशपथ करतेय. दिवसभर यांच्या चांगल्या गोष्टी आठवत बसते. पण राग काही जात नाही.