खळ्याच्या कडेचे बूट

बूट सापडले होते, माणूस नव्हता.

फौजदार उद्धवराव शितोळे चाकणहून सायकल दामटत बोरजाईवाडीला पोचले, तेव्हा निम्मी वाडी तात्याबाच्या खळ्याभोवती उभी होती. साल पंचावन्न, माघ महिना. ज्वारीची रास घरी गेली होती, सारवलेली गोल जमीन रिकामी होती. तिच्या आतल्या कडेने कडबा जळाल्याचं काळं कडं उमटलं होतं. मधोमध एक खोल भोक. आणि खळ्याच्या बाहेर, चवडे रस्त्याकडे करून, तपकिरी चामड्याचे जड बूट. नाड्या सोडून आत सारलेल्या.

बूट ओव्हरसियर मालोजीराव सोळुंके यांचे होते. मूळचे मराठवाड्यातले, नव्या रस्त्याच्या मोजणीसाठी बदलून आलेले. कालच्या संध्याकाळपासून त्यांचा पत्ता नव्हता.

उद्धवरावांनी खळ्यात पाऊल टाकलं.

"सायेब, बूट!" म्हातारा तात्याबा ओरडला. "खळं हाय ते. पायताण घालून न्हाई जात."

"अहो, इथं माणूस हरवलाय!"

"त्याला धुंडा की. पर बूट काढून धुंडा."

कुणीतरी हसलं. उद्धवराव चरफडत मागे आले, नाड्या सोडल्या आणि बूट बाहेर भिरकावले. एक उताणा पडला, एक पालथा. तात्याबाचं तेवढ्यानं समाधान झालं.

राखेला रॉकेलचा वास येत होता.

"इंधन असणार," मागून आवाज आला. "त्यांचं."

हे ज्योतीराम गुरुजी. याच वाडीच्या शेतकऱ्याचा मुलगा, वाडीतला पहिला मॅट्रिक, शाळेचा एकुलता एक मास्तर. महिन्यापूर्वी त्यांनी टेकडीवर पांढरा, गोल, तरंगता प्रकाश पाहिला होता. उडती तबकडी म्हणून पुण्याच्या एका वर्तमानपत्राने त्यांचं पत्र छापलं. तेव्हापासून पुण्याहून माणसं येत, गुरुजींचा शब्द न् शब्द टिपून घेत. येत्या रविवारी त्या वर्तमानपत्राचा बातमीदारही यायचा होता.

"काल काय पाहिलंत?" उद्धवरावांनी विचारलं.

"दिवस मावळताना तबकडी आली. खळ्यावर उतरली. मालोजीराव पडक्या विहिरीकडून धावत आले."

"धावत?"

"जीव तोडून. इथं मधोमध उभे राहिले. मग माझे डोळे दिपले. पुन्हा पाहिलं तर तेही नव्हते, तबकडीही नव्हती."

"आणखी कुणी पाहिलं?"

"बाजारचा दिवस होता. सगळे चाकणला."

"हे मधलं भोक?"

"तबकडीचा पाय."

"तिवड्याचं भोक हाय ते," तात्याबा पुटपुटला. "मळणीचा खांब रोवतो तिथं. माझ्या आज्यानं पाडलंय."

"तात्याबा, जग कुठं चाललंय, तुम्ही कुठं!" गुरुजींचा चेहरा उजळला होता. "शेजारी पिंपरीत औषधांचा कारखाना उभा राहिला. दहा वर्षांपूर्वी कुणाला खरं वाटलं असतं? उद्या माणूस चंद्रावर जाईल. मग तिकडून कुणी इकडं येत नसेल कशावरून?"

उद्धवरावांना वाटलं, गुरुजी खोटं बोलत असले तरी प्रश्न खोटा नव्हता.

परतताना ते पडक्या विहिरीवरून गेले. विहीर बाभळीच्या फांद्यांनी झाकली होती, गुरं पडू नयेत म्हणून असावं. काठच्या बाभळीला पांढऱ्या, पातळ रबराची एक चिंधी अडकली होती. उद्धवरावांनी ती खिशात घातली. पुण्यात हवामान पाहण्यासाठी फुगे सोडतात, फुग्याखाली छोटी पेटी टांगलेली असते, एवढं त्यांना ठाऊक होतं. असा फुगा कुठंही येऊन पडतो. त्यावरून माणूस कुठं गेला ते कळत नाही.

मालोजीरावांचं बिऱ्हाड वाडीच्या टोकाला होतं. उंबऱ्याबाहेर कॅनव्हासचे बूट जोडीनं ठेवलेले होते, नाड्या आत सारलेल्या. आत गुरुजी मालोजीरावांच्या बायकोला, कौशल्याबाईंना, धीर देत होते.

"न्यायचंच होतं तर मारतील कशाला, बाई? पाहतील, विचारतील, आणून सोडतील. परदेशात असं झालंय."

फौजदारांना पाहून ते उठले आणि निघून गेले.

कौशल्याबाईंच्या कपाळावर कुंकू ठसठशीत होतं. "शेजारणी कुजबुजतात," त्या म्हणाल्या. "मला कळत नाही होय? गुरुजी म्हणतात येतील. तुम्ही काय म्हणता?"

"शोधतोय."

"शोधा की. पण नक्की कळल्याबिगर मी हे पुसायची नाही, सांगून ठेवते."

"काल निघताना काही बोलले?"

"हसत गेले. पिशवीत काय की होतं. म्हणले, गुरुजींना नजराणा द्यायचाय."

"कसला?"

"मस्करीखोर माणूस. मी इचारलंच नाही." त्यांनी पदर सावरला. "कंबर धरलीय म्हणून कण्हत होते आठ दिस, पण मस्करी सुटत नव्हती."

"कंबर?"

"वाकताच येईना. बुटाच्या नाड्या मी सैल गाठ मारून द्यायची. तसाच पाय घालायचा, अन् आल्यावर टाचेनं टाच दाबून काढायचा. गाठ कोण सोडतंय!"

उद्धवरावांची नजर उंबऱ्याकडे गेली. मग ते उठले.

दुसऱ्या दिवशी खेडहून वरिष्ठांचा हुकूम आला, तात्याबाला धरा. मालोजीरावांनी चार दिवसांपूर्वी मोजणीचं निशाण खळ्याच्या मधोमध रोवलं होतं, तेही बूट घालून. तात्याबा आसूड घेऊन त्यांच्या मागे धावला होता, हे साऱ्या वाडीनं पाहिलं होतं. वर्तमानपत्रं पोलिसांची टर उडवत होती. तबकडीला बेड्या घालता येत नाहीत, म्हाताऱ्याला घालता येतात. उद्धवरावांनी तात्याबाला आत घातलं. हुकूम चुकीचा वाटत असतानाही घातलं, आणि ते त्यांना रात्रंदिवस टोचत राहिलं.

गुरुजी मात्र रोज चौकीवर येत. "सोडा हो त्याला. निरपराध आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय." मग तिथून कौशल्याबाईंकडे जात.

एका दुपारी उद्धवरावांनी मालोजीरावांचा एक बूट घेतला, नाडीची गाठ मारली आणि गजांतून आत दिला.

"तात्याबा, सोडा बघू एवढी गाठ."

म्हाताऱ्यानं बूट उलटासुलटा केला. नाडी भलतीकडून ओढली. गाठ करकचली.

"आमी कवा घातल्यात असली पायताणं? इळा द्या, कापतो."

उद्धवरावांनी बूट परत घेतला. त्याच संध्याकाळी त्यांनी वाडीला निरोप धाडला. उद्या सकाळी सगळ्यांनी खळ्यावर यायचं.

सकाळी वाडी जमली. रविवारच होता, पुण्याचा बातमीदारही आला होता. मधल्या भोकापाशी कुणीतरी नारळ ठेवला होता, हळदकुंकू वाहिलं होतं. तात्याबा हवालदाराशेजारी उभा होता. कौशल्याबाई बांधावर बसल्या होत्या.

उद्धवरावांनी मालोजीरावांचे बूट सापडले होते तसेच, त्याच जागी ठेवले. नाड्या आत सारल्या.

"गुरुजी, मालोजीराव नेमके कुठं उभे होते? सगळ्यांना दाखवा."

गुरुजी उत्साहानं पुढं झाले. कडेला थांबले, वाकले, कॅनव्हासचे बूट काढले, आणि खळ्याच्या मध्याशी जाऊन उभे राहिले.

"इथं."

"आता मागे बघा."

गुरुजींनी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. खळ्याच्या बाहेर दोन जोड होते. चारही बुटांचे चवडे रस्त्याकडे, चारही बुटांच्या नाड्या आत सारलेल्या. एक जोड तपकिरी, एक पांढरा. एवढाच फरक.

तात्याबा वाकून बुटांकडे बघू लागला.

"तुम्ही सांगितलंत, मालोजीराव जीव तोडून धावत आले," उद्धवराव म्हणाले. "जीव तोडून धावणारा माणूस थांबून नाड्या सोडत नाही. त्यात त्यांची कंबर धरलेली, गाठ ते कधीच सोडत नसत. आणि खळ्यावर बूट काढायचा रिवाज त्यांना ठाऊक नव्हता, किंवा ठाऊक असून पर्वा नव्हती. त्यावरूनच तात्याबानं आसूड उचलला. म्हणजे हे बूट त्यांनी काढले नाहीत. दुसऱ्या कुणी त्यांच्या पायांतून काढले, आणून ठेवले."

"ते तात्याबानं—" गुरुजींच्या तोंडून निसटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी तात्याबाचं नाव असं घेतलं होतं.

"मलाही तसंच वाटलं असतं. माणूस इथूनच वर गेला हे दाखवायचं, तर बूट मधोमध ठेवायला हवे होते. ठेवणाऱ्याचा हात धजला नाही. आग लावताना धजला, कारण आग त्यानं ठरवून लावली होती. बुटांचं त्यानं ठरवलंच नव्हतं, ते हातांनी आपसूक केलं. लहानपणापासून ज्याला खळ्यावर पायताण आणलं म्हणून मार बसलाय, त्याचे हात ते. म्हणजे वाडीचा माणूस. पण वाडीत नाडीच्या बुटांची सवय कुणाला? तात्याबाला गाठ सुटत नाही. नाड्या सोडून आत सारणारा वाडीचा पोर एकच."

त्यांनी खिशातून रबराची चिंधी काढली.

"ही विहिरीच्या काठी मिळाली. हवामानाच्या फुग्याची. तुमची तबकडी मालोजीरावांना मोजणी करताना सापडली होती, गुरुजी. तोच त्यांचा नजराणा. आज ते बातमीदारासमोर पिशवी उघडणार होते ना?"

गुरुजींचा चष्मा खाली घसरला होता. त्यांनी तो वर केला नाही.

"पेटी माझ्या हातात दिली," ते म्हणाले. पुस्तकी मराठी कुठल्या कुठं गेली होती. "म्हनला, रविवारी परत पेपरात नाव येईल तुमचं. हसत व्हता. हसायचं थांबंना. म्या ढकलला त्याला. मारायचं न्हवतं मला. विहिरीच्या कठड्याचा दगुड निसटला."

"मग बूट का काढलेत?"

"खाली उतरलो, तर गेलेला. वर येऊन फांद्या टाकल्या. बूट घेतलं, वाटलं, आता तबकडीचा पुरावा तरी ऱ्हाईल." त्यांनी मान वर केली. "पर त्या दिशी टेकडीवर म्या जे पाह्यलं ते फुगा न्हवतं, सायेब. त्ये खरं व्हतं."

"मंग तबकडी आलीच न्हाई?" गर्दीतून एका बाईनं विचारलं. तिचा आवाज पडला होता. नारळ तिचाच असावा. बातमीदारानं वही मिटली. हे काही त्याला हवं होतं ते नव्हतं.

हवालदारानं तात्याबाच्या हातातली बेडी काढली. तात्याबा कुणाकडे न बघता खळ्यात गेला, आणि बोटांनी राख खरवडू लागला.

विहिरीकडे गेलेल्या माणसांनी बाभळीच्या फांद्या ओढून काढल्या. थोड्या वेळानं तिकडून हाक आली. काय सापडलं ते ओरडून सांगायची कुणाला गरज वाटली नाही.

कौशल्याबाई उठल्या. गुरुजींच्या समोर येऊन थांबल्या.

"मारलं ते मारलं. पण रोज येऊन, ते येतील म्हणून कशापायी सांगत होतास? माझ्या हातचा चहा पीत होतास."

गुरुजींनी घसरलेला चष्मा काढून हातात घेतला.

"सांगताना मला खरं वाटायचं, बाई."

कौशल्याबाई वळल्या. खळ्याच्या कडेला जाऊन बसल्या. तपकिरी बूट मांडीवर घेतले. आत सारलेल्या नाड्या बोटांनी बाहेर काढल्या, आणि नवऱ्याला बांधून देत तशी सैल गाठ मारली. एका बुटाला, मग दुसऱ्याला.

मग पदराचं टोक हातात घेतलं आणि कपाळाकडे नेलं. उद्धवरावांनी मान फिरवली.