सकाळी रुसणारं पोकलेन

"शीऽऽ! मी नाही चढणार त्या डबड्यात!" नाकेश्वरी नाक चिमटीत धरून ओरडली. "आत काहीतरी मेलंय!"

"मेलं असेल तर नुसता वास देईल, चावणार नाही!" असं म्हणत बोल्ट केबिनमध्ये शिरलासुद्धा.

नाकेश्वरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण जिला दुधावरची साय पाहूनही शिसारी येते, तिला दुसरं काय म्हणणार? सुट्टीत ती मावशीकडे आली होती. बोल्ट हा मावशीचा मुलगा. शेजारी राहणारी दोघांची मैत्रीण म्हणजे वकील. वाद घातल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

आणि ते डबडं म्हणजे मावशीचं पोकलेन! माती खोदणारं, लांब हाताचं, तिसऱ्या मालकाकडून घेतलेलं. अठरा वर्षं मावशीने लोकांची पोकलेनं चालवली होती. हे पहिलंच तिचं स्वतःचं. पण महिनाही झाला नाही तोच त्याने दगा दिला. चालू केलं की टूं टूं टूं, पडद्यावर ‘पंप एक : दाबात बिघाड’, आणि तो भलामोठा हात उठायचा कसा, तर शाळेच्या दिवशी बोल्ट उठतो तसा!

मिस्त्रीकाकांनी तर निकालच देऊन टाकला होता. "पंप गेला, ताई. भंगारात घाला. बारा वाजता माझ्या ओळखीचा ट्रेलर येतोय." एवढं बोलून ते सावलीत बसले आणि काडीने दात कोरू लागले. कोरलेलं निरखून बघत आणि पँटला पुसत. नाकेश्वरीने तोंडच फिरवलं.

मावशीने मात्र रोजच्यासारखं पाइप धरून पोकलेन धुतलं, काचा पुसल्या. "जाताना तरी स्वच्छ जाऊ दे," एवढंच म्हणाली आणि मशीनचे कागद आणायला घरात गेली. तिचे डोळे लाल झालेले तिघांनीही पाहिले.

"मला नाही पटत!" वकील म्हणाली. "हे रोज सकाळीच का रुसतं? दुपारनंतर तर धडाधड चालतं!"

"परवा सकाळीही चाललं की," नाकेश्वरी म्हणाली.

"परवा नळाला पाणी कुठे होतं?" बोल्टने केबिनमधून डोकं बाहेर काढलं. "आईने धुतलंच नाही!"

तिघांचीही ट्यूब एकदमच पेटली.

"काकाऽ!" वकील कडाडली. "गेलेला पंप काय आंघोळ झाल्यावरच जातो?"

"वीस वर्षांचा अनुभव आहे माझा," काका काडी न काढताच म्हणाले. "दाब कमी दाखवतंय म्हणजे पंपच."

"दाखवतो तो सेन्सर ना? तोच खोटं बोलत असेल तर?" बोल्टने टुणकन उडी मारली. "रिमोट चालेनासा झाला की आपण घड्याळाचे सेल घालून बघतो ना? तसंच करू! पंप दोन, सेन्सर दोन, अगदी जुळे. वायरींची अदलाबदल करायची. बिघाड ‘दोन’वर गेला, तर सेन्सर नाहीतर पंप खराब. पण ‘एक’वरच राहिला..."

"तर वायरच चोर!" नाकेश्वरी नाक सोडून ओरडली.

घरातून परत आलेल्या मावशीने हे ऐकलं आणि हातातले कागद तिथेच टाकले. किल्ली काढून खिशात घातली, मशीनच्या बाजूचं दार उघडलं आणि दोन्ही वायरी आपल्या हाताने बदलल्या. मुलांना लांब उभं करून तिने मशीन चालू केलं.

टूं टूं टूं! पंप एक!

"पंप निर्दोष!" वकिलीणबाई नाचायला लागल्या. "काका, ही वायर जाते कुठे?"

"सीटखालून जाते."

"तिथे बघितलंत?"

"छे! तिथे केवढी घाण वास मारतेय!"

"म्हणजे तुम्हाला वास सहन होत नाही, म्हणून पंप गेला?"

साडेअकरा वाजले होते! सीटचे बोल्ट गंजून घट्ट बसलेले. मावशीने किल्ली पुन्हा काढली आणि सीटखालच्या फटीत हात घालून बघितला, शिरेना. आपला बोल्ट मनगटाशीच अडकला. वकिलीणबाईंचा हात बारीक, पण पोचेना. मग सगळ्यांनी नाकेश्वरीच्या लांबसडक काटकुळ्या हाताकडे पाहिलं.

"नाही हं! मरेन पण नाही!" ती म्हणाली. तेवढ्यात मावशीने सीटची पाठ हळूच पुसली, आपल्या मुलाची पुसावी तशी. नाकेश्वरीने डोळे मिटले आणि खांद्यापर्यंत हात घातला.

काळी पडलेली संत्र्याची सालं. हिरवी लव आलेला पाव. उंदराच्या लेंड्या मूठभर! सीटमागच्या काचेचं रबर फाटलेलं, तिथून धुण्याचं पाणी झिरपून सगळ्याचा नुसता चिखल झालेला. आणि मग बोटांना काहीतरी लांब, ओलं, मऊ लागलं.

"उंदीऽऽर!"

पण तिने सोडलं नाही. ओढलं. फटीतून बाहेर आला एक मोजा! पुरुषाचा, वापरलेला, कुजलेला, आणि त्याच्या पोटातून जाणारी वायर. वायर उंदराने कुरतडलेली. कोणीतरी टोकं नुसती पिळून वर मोजा गुंडाळला होता आणि सुतळीने आवळला होता! आतली तांब्याची तार हिरवीगार. मशीन धुतलं की मोजा भिजे आणि दुपारी उन्हाने वाळे.

"कुठल्या गलिच्छ माणसाचं काम हे?" मावशी गरजली.

मिस्त्रीकाकांनी खाकरून घेतलं. "आधीच्या मालकाकडे असताना... टेप संपली होती, ताई. तात्पुरता बांधला होता."

"कधी?"

"झालं की... दीड वर्ष."

मावशीने त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की त्यांच्या तोंडातली काडी खाली पडली. कुजलेला भाग कापून तिने नवा तुकडा जोडला, सोल्डर मारला, वर जाड टेप घट्ट गुंडाळली आणि मशीन चालू केलं. टूं टूंचा आवाज नाही! मग सीटमागच्या काचेवर बादलीभर पाणी ओतलं. तरी आवाज नाही! पोकलेनचा हात सर्रकन आभाळात गेला. तेवढ्यात फाटकाशी ट्रेलरचा हॉर्न वाजला.

"परत न्या!" मावशी केबिनमधून ओरडली. "इथे भंगार नाही!"

काका हळूच सटकू लागले, तशी मावशी कडाडली, "तुम्ही थांबा! सीट उघडा. सगळी घाण हातांनी काढायची, तात्पुरती नाही, कायमची!"

"काढतो, ताई," काका ओशाळून म्हणाले. "पोरांनी कान उपटले माझे. हुशार आहेत हो!"

"हुशार आहेतच. पण ही माझी खरी वाघीण," म्हणत मावशी वळली, तर वाघीण जागेवर नव्हती! ती टायरांच्या ढिगामागे वाकून सकाळचं सगळं खाल्लेलं बाहेर काढत होती.

मावशीने मशीन बंद केलं, धावत येऊन तिचं कपाळ धरलं.

"सॉरी, मावशी... इथेच..."

"ओक बाई, मनसोक्त ओक!" मावशी म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "कोण बोलणार आहे आपल्याला? जागा माझी, मशीन माझं!"