नवा खटका

लिफ्टच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर आजोबांनी एक नाद लावून घेतला होता. लोकांनी अडगळीत टाकलेली जुनी वॉशिंग मशीनं ते घरी आणत, गंज खरवडत, रबरं बदलत आणि मागच्या खोलीत ओळीनं मांडून ठेवत. सहा झाली होती. "आणि कपडे मी अजून बादलीतच भिजवते," असं आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून सांगायची. मशीनांची दारं आजोबा कायम सताड उघडी ठेवत, नाहीतर आत कुबट वास धरतो.

सातवं मशीन एका म्हाताऱ्या बाईंनी दिलं. समोर गोल काचेचं दार, आत पोरगं मावेल एवढा ड्रम. दाराच्या खटक्याची जीभ मात्र कुणीतरी पार घासून टाकली होती.

"हे कुणी केलं?"

"मीच," बाई म्हणाल्या. "न्या खुशाल. दार तेवढं लागू देऊ नका..."

म्हातारपणी माणसं काहीबाही बोलतात, असं म्हणून आजोबांनी ते कानाआड केलं. दार न लागणारं मशीन म्हणजे अर्धवट काम, आणि अर्धवट काम त्यांना खपत नसे. तीन दिवस घासूनपुसून त्यांनी पोलादाचा नवा खटका घडवला. दार लावलं. कट्. आवाज इतका झकास आला की त्यांनी ते पाच वेळा उघडून लावलं. पाचव्या वेळी आतून ओल्या केसांसारखा वास आला. रबर जुनं आहे, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी नात सुट्टीला आली. सहा वर्षांची, सगळे तिला चिमणी म्हणत. दुपारी लपाछपी सुरू झाली आणि राज्य अर्थातच आजोबांवर आलं. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ते मोजू लागले.

"एकाहत्तर... बहात्तर..."

कट्.

त्यांनी मोजणं सोडलं. वळून पाहिलं तर सातव्या मशीनचं दार लागलेलं. काच आतून धुरकटली होती, आणि बघता बघता त्या वाफेवर एक लहानसा पंजा उमटला. मग आतून ठोके ऐकू येऊ लागले.

"चिमणे! घाबरू नको बाळा... मी आलो..."

त्यांनी हिसडे दिले. खटका जागचा हलेना, त्यांनीच तो इतका पक्का बसवला होता. ठोके मंदावत चालले. आजोबांनी पातळ कानस फटीत घातली आणि ती जीभ घासायला सुरुवात केली. बोटं सोलवटली, डोळ्यांपुढे अंधारी आली. माझ्याच हातानं केलं मी हे, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. म्हाताऱ्या बाईंनीही असंच घासलं असेल, हे तेव्हा त्यांना कळलं. शेवटी जीभ तुटली.

ड्रम रिकामा होता. कोरडा ठणठणीत.

तेवढ्यात पाठीवर थाप पडली. "धप्पा..." कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं.

"कार्टे, जीव घेशील माझा!" आजोबांना रडूच कोसळलं. ते वळले. मागे कुणीही नव्हतं.

एवढ्यात आजी दारात आली. तिनं चिमणीला हाताला धरलं होतं.

"कसल्या हाका मारताय? ही माझ्या पलंगाखाली झोपून गेली होती."

आजोबांनी नातीला उचलून उराशी घट्ट धरलं. तिचे हात कोरडे होते, धुळीनं माखलेले.

"अहो, शर्टाला मागं काय लागलंय?" आजीचा आवाज उतरला. "ओला पंजा आहे... लहान पोराचा."

"आजोबांना धप्पा मिळाला!" चिमणी टाळ्या पिटत म्हणाली. "आता राज्य परत तुमच्यावरच. पुन्हा शोधा!"

तिला कडेवर घेऊन आजोबा बाहेर पडू लागले, आणि जाता जाता त्यांची नजर ओळीकडे गेली. उरलेल्या सहाही मशीनांची दारं लागलेली होती. त्यांचे खटके एकूण एक शाबूत होते.