ब्रेकबाईंची मान

हेडमास्तरांनी गाडी कुंड्यांवर घातली, ती लाजेपायी.

निवृत्त होऊन वर्ष झालेलं, आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंग हातात आलेलं, आणि शेजारी बसलेली शिकवणारी बाई पाच धडे झाले तरी त्यांच्याकडेच एकटक बघतेय. रस्त्याकडे नाही, आरशाकडे नाही — त्यांच्याकडे! पाचव्या धड्याला हेडमास्तर अत्तर लावून आले. सहाव्याला धीर करून त्यांनीही एक चोरटा कटाक्ष टाकला... आणि गाडी फुटपाथवर चढली. तीन कुंड्या आडव्या झाल्या, चौथी बॉनेटवर येऊन बसली.

"मॅडम, माझं लग्न झालंय हो," हेडमास्तर घाम पुसत म्हणाले.

"आणि माझी मान अडकलीय!" ती ओरडली. "तुमच्या बाजूला! तीन महिने झाले!"

शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि वेळ आली की पायाखालचा जादाचा ब्रेक दाबायचा, हे तिचं काम. म्हणून सगळे तिला ब्रेकबाई म्हणायचे. तीन महिन्यांपूर्वी एका शिकाऊ बाईनं भर चौकात ब्रेक समजून भलतंच दाबलं होतं. ब्रेकबाईंचा पाय पडला, पण अर्धा क्षण उशिरा. कोणाला खरचटलंही नाही. फक्त दुसऱ्या दिवशी उठल्यावर मान उजवीकडे, ती तिकडेच.

समोरचं दार उघडलं. बाह्या दुमडलेला एक तरुण बाहेर आला. भुरभुर पाऊस पडत होता. झोपलेलं बाळ उचलावं तशी त्यानं बॉनेटवरची कुंडी उचलली आणि खाली ठेवली. मग तिच्याकडे बघितलं. तिलाही त्याच्याकडे बघायचं होतं, पण त्यासाठी तिला अख्खं वळून आडवं उभं राहावं लागलं, नाण्यावरच्या राणीसारखं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"आत्ताच पडल्या. नव्या आणून देते कुंड्या."

"कुंड्यांचं नाही विचारत," तो म्हणाला. "मानेचं."

त्याच्या डोक्यावर, दाराच्या चौकटीला पाटी होती — मृदू स्पर्शोपचार. गल्लीत मात्र त्याला हळूराव म्हणायचे. हळू चालायचा, हळू बोलायचा, आणि पेशंटला हात इतका हळू लावायचा की अर्धे लोक 'सुरू कधी करणार?' असं विचारत विचारत झोपून जायचे.

ब्रेकबाई उपायांना विटल्या होत्या. एकानं मानेवर कोपर रोवलं होतं, दुसऱ्यानं टॉवेल अडकवून बादली ओढतात तशी ओढली होती. आई रोज शेकायची पिशवी आणि 'आणखी बघ मोबाइल' हे दोन्ही सोबतच द्यायची. पण पुढच्या गुरुवारी परवान्याची तपासणी होती. सरकारी डॉक्टर म्हणणार, डावीकडे बघा, उजवीकडे बघा. नाही बघता आलं की शिकवण्याचा परवाना गेला. आणि तिला हे काम मनापासून आवडायचं. थरथरत गाडीत बसलेलं माणूस महिन्याभरानं शीळ घालत उतरतं, यापेक्षा मोठं सुख तिला माहीत नव्हतं.

नऊ दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी ती गेली.

खोलीत एक टेबल, एक खिडकी, पांढरी चादर. ती उताणी झोपली. त्यानं दोन्ही हातांची बोटं तिच्या डोक्याखाली, कवटी आणि मान जिथे भेटतात तिथे ठेवली. आणि... काहीच नाही.

"करा ना सुरू," ती म्हणाली.

"दहा मिनिटं झाली सुरू करून."

"अहो, पण दाबत का नाही?"

"तुमच्या मज्जासंस्थेनं आतून कडी लावलीय. दार तोडायला गेलं की ती दुसरी कडी लावते. मी नुसता दाराशी बसलोय."

"आणि नाही उघडलं तर?"

"बसून राहीन." मग जरा थांबून, "ब्रेक सोडा."

"कोणता ब्रेक?"

"तुमचा पाय... मघापासून टेबलाची कड दाबतोय."

तिनं डोळे खाली केले. खरंच की! तळवा ताठ, टाच रोवलेली. या खोलीत कोण कशावर आदळणार होतं? तिनं पाय सोडला. पोटातून एक लांब श्वास सुटला आणि मान दोन बोटं डावीकडे सरकली. फक्त दोन बोटं. पण घरी जाताना तिला झाडांचे शेंडे वेगळेच दिसले.

गुरुवारी आणखी दोन बोटं. शुक्रवारी मात्र गंमत झाली. त्याच्याकडे लाटांचा आवाज काढणारं एक यंत्र होतं. त्यानं घाईत — हो, हळूरावानं घाईत! — भलतं बटण दाबलं, त्यातला रेडिओ लागला आणि खोलीत सिमेंटची जाहिरात गरजली. 'भिंत नव्हे, विश्वास! विश्वास! विश्वास!' बटण सापडेना. तो कानापर्यंत लाल. ब्रेकबाईंना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसता हसता तिनं डोक्याचा सगळा भार त्याच्या ओंजळीत टाकून दिला. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो भार दुसऱ्या कोणीतरी धरला होता.

हसू ओसरलं. त्याचे हात जराही हलले नाहीत. खिडकीवर पाऊस टिचकी मारत होता.

"तुमचं डोकं..." तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. छान... जड आहे."

अशी तारीफ कोणी कोणाची केली नसेल. पण ती दिवसभर आरशासमोर आडवी उभी राहून स्वतःचं डोकं न्याहाळत होती.

शनिवारी मान परत जिथल्या तिथे! एक बोटही हलेना. सोमवारीही तेच. हळूराव अंगठे तिच्या मानेवर ठेवायचा, भुवया आकसायचा आणि वहीत लिहायचा. तिनं तिरक्या नजरेनं वाचलं — 'नाडी फार जोरात. शरीर शांत होत नाही.'

तिनं झटकन डोळे मिटले. म्हणजे ह्याला कळलं! तोंडानं नाही बोललं तरी मानेनं चुगली केलीच. आता हा म्हणणार, बाई, तुम्ही इथे उपचाराला येता की कशाला? आणि तीन दिवसांवर तपासणी! म्हणजे प्रेमही फजितीचं आणि परवानाही गेला.

मंगळवारी तिनं ठरवलं, मन बर्फासारखं ठेवायचं. टेबलावर पडल्या पडल्या मनातल्या मनात सतराचा पाढा सुरू केला.

"काही टेन्शन आहे का?" त्यानं काळजीनं विचारलं.

"छे हो. सतरा सत्ते —"

"काय?"

"काही नाही!"

"नाडी तर... कालच्यापेक्षाही जोरात आहे." त्याचा आवाज पडला. "मला जमत नाहीये. मावशीला बोलावतो."

मावशी म्हणजे त्याची सख्खी मावशी आणि गुरू. मागच्या खोलीत राहायची, चष्मा गळ्यात, तोंडाचा पट्टा सुरू. आली, वही वाचली, बोटं तिच्या मानेवर टेकवली. डोळे मिटले.

"ही?" मावशी म्हणाली. "हिची नाडी कुठे जोरात आहे? हिची तर दुपारच्या मांजरासारखी आहे. काय करत होतीस गं?"

"पाढे म्हणत होते," ती पुटपुटली.

"हुशार आहेस. आणि हे शहाणं? दाखव रे, कसा हात ठेवतोस?"

त्यानं अंगठा ठेवला. मावशीनं त्या अंगठ्याकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे, मग चष्मा लावून परत अंगठ्याकडे.

"अरे गाढवा! पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? नाडी अंगठ्यानं बघायची नाही. अंगठ्यालाच स्वतःची नाडी असते! तीन दिवस झाले, तू स्वतःचं काळीज मोजतोयस आणि हिच्या नावावर लिहितोयस!"



हळूरावाचं तोंड आधी पांढरं झालं, मग गुलाबी. त्यानं अंगठा असा मागे घेतला, जणू तो रंगेहाथ सापडला होता. ब्रेकबाईंनी छताकडे बघितलं. छत फार सुंदर होतं...

"मावशी, मी —"

"तू बाहेर. असे धडधडते हात लावल्यावर कोणाची मान सुटेल? आणि परवापर्यंत हिच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. आनंदाचा धक्काही धक्काच असतो. तिची तपासणी आहे, समजलं?"

तो गेला. जाताना दारावर आपटला.

मावशीचे हात म्हणजे कोमट पाणी. ब्रेकबाईंचे डोळे मिटले. लांब, ओला, रिकामा रस्ता दिसला. गाडी आपली आपण चाललेली, शेजारची सीट मोकळी, आणि पाय कुठेच दाबलेले नाहीत. काही आदळत नव्हतं. काही चुकत नव्हतं. कोणीतरी हळू घोरत होतं, आणि ते कोणीतरी आपणच आहोत हे कळूनही तिला लाज वाटली नाही...

जाग आली तेव्हा मावशी निघून गेली होती. ब्रेकबाईंची मान आपसूक डावीकडे वळली. न ठरवता, न ओढता. तिकडे खिडकी होती. खिडकीबाहेर भुरभुर पावसात हळूराव उकिडवा बसून मोडक्या कुंडीतलं रोप नव्या कुंडीत लावत होता, आणि त्या रोपाला काहीतरी समजावून सांगत होता. खूप वेळ. हातवारे करून.

तिनं हाक मारली नाही. मनसोक्त बघून घेतलं.

गुरुवारी सरकारी डॉक्टर पेंगुळले होते. "डावीकडे," ते म्हणाले. तिनं बघितलं. "उजवीकडे." बघितलं. "बास, बास, अहो बाई, पुरे! पंखा फिरतोय की मान?" ठप्प करून शिक्का पडला.

ती कचेरीच्या फाटकाबाहेर आली. फाटकाशी हळूराव उभा होता. छत्री हातात, पण मिटलेली. डोक्यावरून पाणी निथळत होतं. तपासणी झाली की नाही, कशी झाली, यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. बहुतेक विचारायचंही सुचत नव्हतं.

"मावशीनं परवापर्यंत बोलू नको म्हटलं होतं," तो म्हणाला. "आज परवा आहे."

"मग बोला."

"मी तुमची केस सोडलीय. आता तुम्ही माझ्या पेशंट नाही. म्हणजे... वाईट वाटून घेऊ नका, पण मला फार बरं वाटतंय." त्यानं श्वास घेतला. इतका हळू माणूस, पण शब्द आता एकमेकांना धक्के देत येत होते. "त्या वहीतलं सगळं माझं होतं. शुक्रवारपासूनचं. तुम्ही हसलात ना, तेव्हापासून. तर... आयुष्यभर... म्हणजे एकदम आयुष्यभर नको, आधी चहा... माझ्याबरोबर —"

तो अडखळला. पुढचं सगळं डोळ्यांनीच विचारलं.

ब्रेकबाईंनी त्याच्याकडे बघितलं. सरळ, समोरून. मग सावकाश मान हलवली. पूर्ण डावीकडे, खांद्यापर्यंत. पूर्ण उजवीकडे, खांद्यापर्यंत. आणि परत एकदा.

हळूरावाच्या चेहऱ्याचं काय झालं ते बघण्यासारखं होतं. ओठ रडायला आले होते आणि डोळे लकाकत होते. आतला प्रियकर कोसळला होता आणि आतला उपचारवाला टाळ्या पिटत होता.

"नाही?" तो कसाबसा म्हणाला. मग राहवेना म्हणून, "पण... वा! कुठेही अडकली नाही! दुखतंय?"

"अजिबात नाही."

"छान. फार छान." तो जायला वळला. "मग... येतो मी."

"अहो थांबा! वेडे आहात का?" तिनं त्याच्या हातातली छत्री काढून घेतली, उघडली आणि दोघांच्या डोक्यावर धरली. "तीन महिन्यांनी मान हलवायला मिळालीय, जरा मिरवू तर द्या. उत्तर हो आहे."

"चहाला?"

"चहालाही," ती म्हणाली. "चल आता, भिजलायस तू."