उभा ठेवलेला गडी

इंदापुरात एसटी स्टँडच्या मागं माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं गाण्यांची यादी आणायची, कोरी कॅसेट घ्यायची आणि संध्याकाळी भरलेली न्यायची. दोन डेक, एक कॅसिओ, सोल्डरिंगची कांडी आणि माझं डोकं, एवढंच भांडवल. करणी, नजर, लागीर असलं कुणी माझ्यापुढं बोललं की मी सरळ सांगायचो, वायर ढिली असेल, बघ. आजही तेच सांगीन. फक्त हल्ली सांगताना तोंडाला कोरड पडते.

यंदा, म्हणजे सत्त्याण्णवच्या लग्नसराईच्या तोंडावर, पणदऱ्याच्या बेंजो पार्टीचे जयवंताआबा दुकानात आले. साठीला टेकलेला माणूस, पण हलगीवर हात पडला की पोरं रस्त्यात लोळतात.

"दादासो, समद्या पार्ट्या तीच तीच गाणी वाजवत्यात. कुणाकडंच न्हाय असलं कायतरी काढ की."

दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. तिथं माझी एकुलती एक पोरगी सृष्टी, नऊ वर्षांची, टीव्ही गेम खेळत बसली होती. गेम मीच बारामतीच्या बाजारातून आणला होता. त्यासोबतच्या खेळाच्या कॅसेटींत एक बिनलेबलाची निघाली. मोठ्या डोक्याचा बारका गडी खड्डे चुकवत पळतो आणि शेवटी आपल्या घरी पोचतो, एवढाच खेळ. पण त्याची चाल! एकदा कानात शिरली की दिवसभर निघायची नाही. आबांनी मांडीवर ठेका धरला.

"ह्येच. ह्येच दे मला, हलगी घालून."

रिमिक्स हा शब्द यंदा ज्याच्या त्याच्या तोंडी होता. मलाही चेव आला.

चाल स्वच्छ हवी होती आणि तिथंच घोडं अडलं. गडी पळवला की उड्यांचे आवाज चालीत मिसळायचे, खेळ थांबवला की चालही थांबायची. मग उपाय एकच. खेळ सुरू करायचा आणि बटणाला हातच लावायचा नाही. गडी पहिल्या जागी उभा राहायचा, उजवा पाय आपटत वाट बघायचा. कोपऱ्यातला आकडा तीनशेवरून उतरत जायचा. शंभराच्या खाली गेला की चाल घाईवर यायची आणि शून्याला गडी पडद्याच्या खाली घसरून जायचा. मी टीव्ही गेममधून वायर काढून डेकला जोडली आणि रेकॉर्ड करत बसलो. कधी खरखर यायची, कधी लाईट डुगडुगायची. मनासारखं व्हायला अकरा वेळा करावं लागलं.

सृष्टी शेजारी बसून बघत होती. सहाव्या वेळी तिला रडूच फुटलं.

"अप्पा, त्याला नुसतं उभं करून नका ना मारू. वाट बघतोय तो."

"कुणाची गं?"

"कुणीतरी बटण दाबायची."

"येडे, चित्र हाय ते." मी हसलो. हसायला नको होतं.

मे महिन्यात पळसदेवला लग्न होतं. मुहूर्त गोरज. त्याआधी चारच्या उन्हात नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला. त्या परण्याच्या मिरवणुकीपुढं आमचा टेम्पो. टेपवर माझी चाल आणि तिच्यावर आबांची हलगी. मी कर्ण्यांच्या मागं, टेपच्या बटणावर बोट ठेवून बसलो होतो. सृष्टी हट्टानं आली होती, पिवळा फ्रॉक घालून पोरींच्यात नाचत होती. उजनीचं पाणी पार आत सरकलेलं, वाऱ्याला चिखलाचा आणि वाळत्या मासळीचा वास. पोरं अशी नाचली की धुरळ्यात घोडा दिसेना. मी मनात म्हटलं, दादासो, जिंकलास गड्या.

मग टेपवर चाल घाईवर आली.

आधी हलगी थांबली. मग शिट्ट्या थांबल्या. मी वाकून बघितलं तर सगळा रस्ता उभा होता. हात खाली सोडलेले, तोंडं एकाच बाजूला वळलेली, आणि शे-दीडशे उजवे पाय एकाच ठेक्यात जमिनीवर आपटत होते. घोड्याचा उजवा खूरसुद्धा.

"आबा!" मी ओरडलो. आबांच्या डोळ्यावर माशी बसली. पापणी हलली नाही.

मी टेप बंद केला.

सगळे हलले. कुणी पदर सावरला, कुणी "वाजवा की रं!" म्हणून ओरडलं. आबा माझ्याकडं वळून म्हणाले, "का थांबलास मधीच?" कुणाला काही ठाऊकच नव्हतं.

सृष्टी तेवढी हलली नाही.

उचलून घरी आणली. अंग गरम, श्वास चालू, डोळे सताड उघडे. उभी केली की उजवा पाय आपटायची. बारामतीच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, सलाईन लावलं आणि पुण्याची चिठ्ठी लिहून दिली. पुण्याला न्यायला पैशाची जुळवाजुळव चालली होती, तोवर तिसऱ्या दिवशी तिचा श्वास हलका पडत चालला. पाय मात्र जास्तच घाईनं आपटायला लागला. तो ठेका मला पाठ होता. शंभराच्या खालचा होता तो.

माझी बायको सुकन्या तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. त्या दिवशी भर दुपारी तिनं पोरीला अंगणात उभं केलं आणि आत येऊन गेमचा रिमोट माझ्या हातात आदळला.

"ती सांगत हुती न्हवं, वाट बघतोय म्हणून? मग दाबा की बटण!"

"कायतरीच काय बोलतीस?" मी खेकसलो. पण रिमोट खाली ठेवला नाही.

टीव्ही लावला. गडी पहिल्या जागी उभा होता. कोपऱ्यात आकडा तीनशे नव्हता. एकतीस होता.

मी उजवीकडचं बटण दाबलं.

अंगणात सृष्टीनं एक पाऊल टाकलं.

"चालली! अवो, चालली!" सुकन्या अंगणात धावत ओरडली.

मला तो खेळ येत नव्हता. सृष्टी किती वेळा म्हणाली होती, अप्पा, शिका ना. पहिल्या खड्ड्याशी उडी उशिरा मारली. गडी काठाला लोंबकळला आणि बाहेर सुकन्यानं किंकाळी फोडली. कसाबसा वर घेतला.

अठरा.

घामानं बोट बटणावरून निसटत होतं. देवा, एवढी येळ, फक्त एवढी येळ, असं मी मोठ्यानं म्हणत होतो. मी!

सात.

घर दिसलं.

दोन.

गडी दारात पोचला आणि माझ्या पाठीमागून आवाज आला, "आई, भूक लागली."

आम्ही दोघंही तिला धरून ढसाढसा रडलो. ती भाकरी खात बसली तेव्हा मी टीव्ही बंद करायला उठलो. पडदा विझायला लागला तशी तिच्या हातातली भाकरी खाली पडली. मी झटकन बटण मागं फिरवलं. तेव्हापासून तो टीव्ही चालूच आहे. गडी घरापुढं उभा, चाल संथ. सृष्टी शाळेत जाते, सायकल खेळते. मी डोळा लागू देत नाही.

इंदापुरात गुरुवारी सकाळी लाईट जाते. आबांनी काही न विचारता ट्रॅक्टरची बॅटरी आणून दिली. टीव्ही आणि गेम दोन्ही तिच्यावर चालतात, पण वायर बदलेपर्यंत क्षणभर पडदा काळा होतो. गेल्या गुरुवारीही तसंच झालं. गडी परत पहिल्या जागी आला आणि सृष्टी अंगणात थिजली. मी भ्यालो, पण आता हात बसलाय. एकाही खड्ड्यात न पडता गडी घरी पोचवला. पण दारात पोचूनही पडद्यावर तो उजवा पाय आपटतच राहिला.

सृष्टी अंगणातून चालत आली. उंबऱ्याबाहेर थांबून तिनं चपला नीट जोडून ठेवल्या. सुकन्यानं दोन्ही हात पुढं केले.

सृष्टी तिच्याकडं बघून ओळख नसल्यासारखं हसली.

"काकू," ती म्हणाली, "सृष्टी हाय का घरात?"