केबिन चारशे बाराचं दुसरं मत

मी दार उघडून आत पाऊल टाकलं आणि सगळ्यात आधी मला भेटला तो खण. आपणहून बाहेर आला आणि माझ्या गुडघ्यावर असा आपटला, की हातातले फॉर्म जमिनीवर पसरले.

"लागलं का? मला कालपासून सातदा भेटलाय तो," आतून आवाज आला.

आतला तरुण फॉर्म गोळा करायला वाकला. त्याच्या एका बुटाला नाडी नव्हती. ती दुसऱ्या खणाला बांधलेली होती.

"नव्या केबिनबद्दल प्रवाशांचं मत घ्यायला आलेय," मी जमेल तेवढ्या रुबाबात म्हणाले.

"लिहून घ्या मग. हे ज्याने कुणी केलंय ना, त्याला समुद्र फक्त चित्रातच ठाऊक असणार."

"तिला," मी म्हणाले... आणि जीभ चावली.

त्याने वर पाहिलं. आधी माझ्या चेहऱ्याकडे, मग मी चोळत असलेल्या गुडघ्याकडे – आणि असा हसला, की मला रागच आला. किती आगाऊ माणूस!

या जहाजावरच्या चाळीस केबिन मी नव्याने सजवल्या होत्या. मोकळेपणाने बोलता यावं, म्हणून प्रवाशांना ते सांगायचं नव्हतं. मत दोनदा घ्यायचं, पहिल्या रात्रीनंतर आणि सहाव्या, शेवटच्या सकाळी. "खरं काय ते राहिल्यावरच कळतं," असं याच जहाजावर सोबत आलेले आमचे मोठे साहेब म्हणत. मतं चांगली आली तर उरलेल्या तीनशे केबिन माझ्या. नाहीतर पुन्हा तीच जुनी तपकिरी कपाटं, आणि मी दुसऱ्यांची चित्रं गिरवायला मोकळी.

आपला तो बाब्या, तशी मला माझी केबिन. पण त्या दिवशी चाळीसपैकी एकतीस फॉर्मवर खणांचं गाऱ्हाणं होतं. बिनमुठीचे, नुसते दाबले की उघडणारे देखणे खण! नमुन्याची केबिन आम्ही कंपनीच्या शेडमध्ये उभी केली होती. तिथे मी ते शंभरदा उघडले, शंभरदा लावले. शेडची जमीन डोलत नाही, एवढी साधी गोष्ट काही माझ्या डोक्यात आली नाही.

संध्याकाळी तो डेकवर भेटला. वारा केसांना जुमानत नव्हता.

"तिला एक निरोप द्याल?" तो म्हणाला. "खिडकीजवळचा बाक फार सुंदर झालाय. माझी आत्या शेजारची स्वतःची केबिन सोडून तिथेच ठाण मांडून बसलीय."

"देईन. आणि खणांचं?"

"मी घड्याळजी आहे. न राहणारी गोष्ट जागेवर ठेवणं हाच आमचा धंदा. तिची हरकत नसेल, तर दोघं मिळून बघू."

"तिची हरकत नाही," मी म्हणाले. आता लपवण्यात काय अर्थ होता?

पुढचे तीन दिवस आम्ही त्या खणासमोर मांडी घालून बसलो. आत्या निवृत्त शिक्षिका, सुट्टीतही लाकडी पट्टी सोबत बाळगणाऱ्या. ती त्यांनी आमच्या कामी दिली आणि आपल्या फॉर्मवर केबिनला दहापैकी सात गुण दिले, "अजून प्रयत्न हवा" या शेऱ्यासह. पट्टीच्या तुकड्याची त्याने एक खिट्टी कोरली. खण लावला की ती आपल्याच वजनाने खाली पडायची, बोटाने उचलली की सुटायची. तो ती कोरत असताना मी खणाऐवजी त्याच्या बोटांकडे बघत राहायचे. मला तो आवडायला लागला होता. फार.

पाचव्या दुपारी समुद्र खवळला. शेजारच्या केबिनमध्ये खण धडाधड आपटत होते. आमचा मात्र ढिम्म!

"माझ्या फॉर्मवर 'उत्तम' लिहून टाकू?" त्याने हळूच विचारलं.

"खबरदार! मला खरं मत हवंय."

शेवटच्या सकाळी मी फॉर्म घेऊन स्वतःच साहेबांसमोर उभी राहिले. "बाक, दिवे, कपाट सगळ्यांना आवडलंय. खण सगळ्यांना मारतात. चूक माझी. आणि तिच्यावरचा उपाय चारशे बारामध्ये बघा."

साहेब चारशे बारामध्ये आले. खण दाबला, ओढला, वर एक गुद्दाही हाणला. "तीनशे केबिनना पुरेल?"

"बाराशे खण आहेत, साहेब. प्रत्येकाला बसवेन."

"बसवा. आणि यापुढे नमुना पाण्यावर तपासायचा."

साहेब गेले. मी तिथल्या तिथे एक गिरकी घेतली, आणि थांबले ती नेमकी त्याच्यासमोर.

"दोनदा मत घ्यायचं, हा नियम ना?" तो म्हणाला. "माझ्याबद्दलचं पहिलं काय होतं?"

"आगाऊ."

"आणि... दुसरं?"

खिडकीतून बंदर दिसू लागलं होतं. त्याच्या बुटाला अजून नाडी नव्हती. या हसऱ्या माणसाचा आवाज पहिल्यांदाच कापला होता. माझा मुळीच कापला नाही.

"खरं काय ते राहिल्यावरच कळतं," मी म्हणाले. "तुझ्यासाठी सहा दिवस पुरायचे नाहीत. जन्मभर राहून बघते."

बाकावरून आत्यांनी चष्म्याच्या वरून आमच्याकडे पाहिलं, माझ्याकडून आपला फॉर्म मागून घेतला आणि सातावर काट मारून दहा लिहिले.