पहिल्या चढाईचा दम

शलाका मुळीकचा दम पहिल्याच चढाईत तुटायचा. दुसऱ्या चढाईत नाही, दहाव्या चढाईतही नाही, नेमका पहिल्याच. 'कबड्डी कबड्डी' करत ती मध्यरेषा ओलांडायची आणि बाराव्या सेकंदाला तिच्या गळ्यातली श्वासपट्टी पीं करायची. २०६४ साली दम तुटला की नाही, हे पंचांच्या कानांवर सोडलेलं नव्हतं. भांडायची सोयच उरली नव्हती.

पलूसच्या संघाचे बजाबा मास्तर वैतागले. "उद्या अंतिम सामना. पुन्हा तुटला तर बाकावर बसशील, सांगून ठेवतो!"

शलाकाचं तोंड एवढंसं झालं. बाकावर बसायला ती कबड्डीत आली नव्हती.

संघाचा यंत्रमानव मोजू याने तिची छाती तपासली. "फुप्फुसं ठणठणीत आहेत. सामन्याआधी काय करतेस?"

"पळते, उठाबशा काढते. मग अर्धा तास गप्प."

तिने खोलीतल्या फळ्याकडे बोट दाखवलं. 'सामन्याआधी तोंड बंद. दम राखा.' मास्तर दर दसऱ्याला त्या अक्षरांवरून पुन्हा खडू फिरवत.

"दम म्हणजे काय डब्यातले लाडू आहेत, राखून ठेवायला?" मोजू म्हणाला. "हे बघ, फुप्फुसं आपली आपण हवा ओढत नाहीत. ते काम श्वासपटलाचं (छाती आणि पोट यांच्या मधला घुमटासारखा स्नायू) आणि बरगड्यांमधल्या स्नायूंचं. दम घालताना हवा भसकन जाऊ न देता हळूहळू सोडतात तेही हेच. तू पाय तापवलेस आणि यांना थंड बसवलंस. मग पहिली चढाई हाच यांचा सराव होतो."

"म्हणून दुसऱ्या चढाईत जमतं!"

"जमतं. पण तोवर पहिली हातची गेलेली असते."

मोजूने बारीक भोकाची नळी दिली. "हिच्यातून श्वास ओढ. जोर लागला पाहिजे, पण दमायचं नाही. तीस श्वास, जरा विश्रांती, पुन्हा तीस. गरगरलं तर थांब."

"आमच्या वेळी नव्हते असले चोचले," मास्तर दारातून म्हणाले.

"तुमच्या वेळी पहिल्या चढाईत काय व्हायचं, मास्तर?"

मास्तर फळ्याकडे एकदा बघून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सामन्याआधी अख्खा संघ नळ्या तोंडात धरून बसला. समोरच्या पोरी खिदळल्या. मग शलाका चढाईला गेली. बारावा सेकंद आला आणि गेला. अठराव्या सेकंदाला तिने दोघींना शिवलं, बाविसाव्याला मध्यरेषा गाठली. पट्टी गप्पच होती.

सामना जिंकून पोरी खोलीत आल्या तेव्हा मास्तर ओल्या फडक्याने फळा पुसत होते.

"सव्वीस साली राज्याच्या अंतिम सामन्यात माझा दम पहिल्याच चढाईत गेला, पोरी," ते म्हणाले. "मला वाटलं, आधी बडबड केली म्हणून गेला. तेव्हापासून सगळ्यांना गप्प बसवत आलो. चुकलंच माझं."

"मग आता काय लिहायचं?" शलाकाने विचारलं.

मास्तरांनी खडू तिच्या हातात दिला. "तूच लिही. आणि जरा मोठ्या अक्षरात. धाकट्या पोरी लांब बसतात."